सासऱ्यांच्या डब्यातली 190 नाणी : लिलावात काय घालावं, काय घालू नये

परभणी जिल्ह्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे. सासरे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, गेल्या वर्षी वारले. त्यांच्या मागे पत्र्याच्या डब्यात 190 नाणी सापडली. त्यात 31 'इंग्रजांचे रुपये', 14 'उर्दूतले चारमिनारवाले', 22 तांब्याच्या शिवराया, एक 'रामदरबार 1818', पुडीत बांधलेली 5 काळपट नाणी (पुडीवर 'तेर' असं लिहिलेलं) आणि उरलेली 117 सुटी नाणी आहेत. गावातल्या सराफाने सगळ्याचं मिळून एक आकडा सांगितला. पुण्यातला भाचा म्हणतो, ऑनलाइन लिलावात टाका, दहापट येतील. खरं कोणाचं मानायचं, आणि लिलाव करायचाच तर कसा?

ताई, 28 वर्षं मी जालन्यात नाणी घेतो-विकतो, त्यातली निम्मी वर्षं ऑनलाइन लिलावात. सराफही खोटा नाही आणि भाचाही पूर्ण खोटा नाही. सराफाने चांदी मोजली, नाणं मोजलं नाही. भाच्याने दुर्मिळ नाण्यांच्या बातम्या वाचल्या, तुमचा डबा पाहिलेला नाही. तुमचा डबा या दोन्हींच्या मधे आहे.

लिलाव म्हणजे काय, हे तुम्हाला मोंढ्यावरून, म्हणजे शेतमालाच्या बाजारावरून, सांगतो. कापसाच्या ढिगात दोन खरेदीदारांनी हात घातला तर भाव चढतो. एकच उभा असेल तर तो म्हणेल तोच भाव. नाण्यांचंही असंच आहे. ज्या नाण्यामागे निदान दोन माणसं आहेत, तेच लिलावात घालायचं. ज्याच्या मागे एकच आहे, ते ठरलेल्या किमतीला विकायचं. ज्याच्या मागे कोणीच नाही, त्याला लिलावात घातलं तर तुमचा वेळ आणि टपालखर्च जाईल, हाती काही लागणार नाही. म्हणून सगळ्यात आधीचं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे निवडणं. फोटो नंतर, लिलाव त्याहून नंतर.

आणि निवडण्याच्याही आधी एक विनंती. नाणी धुऊ नका. चिंच-मीठ नको, लिंबू नको, राख-रांगोळी नको, भांड्यांची पावडर तर अजिबात नको. 2010 च्या सुमारास मी माझ्याकडचे 11 हाली, म्हणजे निजामाचे, रुपये लिलावाआधी चिंचेच्या कोळात घालून लख्ख केले. फोटोत ते नव्यासारखे दिसत होते. जाणकारांनी पाहिल्याबरोबर ओळखलं आणि बोली चांदीच्या भावाच्या वर गेलीच नाही. जुन्या चांदीवर वर्षानुवर्षं साठलेली करडी-काळी छटा हीच तिची ओळख असते. ती एकदा गेली की परत येत नाही. ते 11 रुपये आजही मनातून जात नाहीत. धूळ असेल तर पातळ मऊ फडक्याने टिपा, घासू नका. नाणं हाताळताना कडेने धरा, बोटांचा घाम पृष्ठभागावर ठसे सोडतो. आणि सासऱ्यांनी नाणी मऊ प्लास्टिकच्या खिशांच्या वहीत ठेवली असतील तर आजच बाहेर काढा. त्या प्लास्टिकमधून सुटणारा हिरवा चिकटपणा तांबं आणि चांदी दोन्ही खातो.

आता इंग्रजी रुपयांकडे. आपल्याकडची म्हातारी माणसं त्यांना 'कलदार' म्हणत, आणि निजामाच्या रुपयाला 'हाली'. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा हिशेब होता. तुमच्या 31 मधे बहुतेक राणीछाप आणि राजाछाप असतील. पहिलं काम, घरातलं साधं लोहचुंबक घेऊन प्रत्येक रुपयाला लावा. 1946 आणि 1947 चे वाघाच्या चित्राचे रुपये निकेलचे आहेत, ते चुंबकाला चिकटतात. त्यांत चांदीचा अंशही नाही. लोक ते चांदीचे समजून वर्षानुवर्षं कुलपात ठेवतात. हे रुपये वेगळे करा.

उरलेल्यांसाठी दोन दशांशापर्यंत ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या. बाजारात स्वस्तात मिळतो, आणि या सगळ्या कामात त्याच्याइतकी उपयोगी वस्तू दुसरी नाही. 1939 पर्यंतचा कलदार रुपया 11.66 ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि त्यात चांदी 91.7 टक्के. शुद्ध चांदी काढली तर 10.69 ग्रॅम. 1940 ते 1945 च्या रुपयात चांदी निम्मीच, म्हणजे 5.83 ग्रॅम. वजन तेवढंच असल्याने हातात घेऊन फरक कळत नाही. हाली रुपयाचं वजन 11.18 ग्रॅमच्या आसपास आणि चांदी 81.8 टक्के, म्हणजे 9.14 ग्रॅम शुद्ध. महायुद्धाच्या काळातल्या हाली रुपयांत ती कमी केलेली आहे. सुट्या नाण्यांत 1969 चं गांधीजींचं दहा रुपयांचं नाणं असेल तर तेही चांदीचं, 15 ग्रॅम, 80 टक्के. त्या दिवशीच्या चांदीच्या दराने हे गुणाकार करून वहीत लिहून ठेवा. ही तुमची जमीन, म्हणजे सगळ्यात खालची किंमत. याच्या खाली कोणत्याही चांदीच्या नाण्याला हात लावू द्यायचा नाही, मग तो सराफ असो, ऑनलाइन खरेदीदार असो की घरचा माणूस असो.

याच्या वर काय मिळेल, ते नाण्याची स्थिती आणि साल ठरवतं. इथे एक गैरसमज आहे : जितकं जुनं तितकं महाग. तसं नाही. 1862 लिहिलेला व्हिक्टोरियाचा रुपया टाकसाळीने 1862 हेच साल ठेवून पुढे अनेक वर्षं पाडला. तो भरपूर मिळतो. त्यातले बारकावे, ठिपक्यांच्या जागा वगैरे, जाणकारांसाठी आहेत. त्याउलट 1911 चा पंचम जॉर्जचा रुपया बघा. राजाच्या झग्यावर जो हत्ती कोरला होता तो लोकांना डुकरासारखा दिसला. त्यावरून असंतोष झाला आणि पुढच्या वर्षी हत्ती बदलला. 1911 सापडला तर वेगळा ठेवा. पण सगळ्यात वेगळा ठेवायचा तो 1939 चा सहाव्या जॉर्जचा. तो संग्राहकांत दुर्मिळ म्हणून प्रसिद्ध आहे आणि म्हणूनच त्याच्या नकलाही पुष्कळ. तुम्ही पत्रात '1938 किंवा 39' असं लिहिलं आहे. ते भिंगाखाली बघा. 1938 च्या 8 ला कोरून 9 केलेले रुपये बाजारात आहेत. त्या शेवटच्या आकड्याच्या आजूबाजूची सपाट जागा इतर जागेपेक्षा गुळगुळीत, खरवडल्यासारखी किंवा किंचित खोल वाटते. आकड्याचा फटकारा शेजारच्या 3 शी जुळत नाही. वजन नीट भरलं आणि आकडा स्वच्छ असला, तरी स्वतःहून 'खरा' असं लिहू नका. तो तज्ज्ञाकडून तपासूनच पुढे न्यायचा.

तुम्ही असंही लिहिलं आहे की सहा रुपयांना कडी आहे. आपल्या भागात हे नवल नाही. तांड्यांवरच्या बंजारा बायांच्या गळ्यात, ओढणीला असे कलदार असत, आणि गावातल्या माळांमधेही. कडी डाख देऊन बसवलेली असते. ती काढली की जागा पांढरी पडते आणि नाण्याची किंमत संग्राहकाच्या दृष्टीने तशीही गेलेली असते. काढू नका. चांदीच्या भावाने, जमल्यास थोड्या चढ्या भावाने, माळ म्हणूनच विका. जुन्या दागिन्यांची आवड असलेली माणसं आहेत.

हाली रुपयांवर जरा थांबतो, कारण हे आपलं नाणं आहे. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि हाली सिक्का त्यानंतरही 1959 पर्यंत चालला. माझ्या आजोबांनी शेतसारा यातच भरला. एका बाजूला चारमिनार, भोवती निजाम-उल-मुल्क आसफजाह ही अक्षरं. वरती दोन आकडे दिसतात, '92'. अनेक जण ते साल समजून '1892 चं नाणं' असं लिहितात आणि तिथेच जाणकार समजतो की विकणाऱ्याला काही माहिती नाही. 92 हे साल नाही, अक्षरांना अंक देण्याच्या पद्धतीने येणारं मुहम्मद या नावाचं मोल आहे. साल हिजरीत, वेगळ्या जागी असतं. चारमिनारच्या मधल्या कमानीत एक अक्षर दिसेल. मीम (م) असेल तर मीर महबूब अली खान, ऐन (ع) असेल तर मीर उस्मान अली खान, जे 1911 मधे गादीवर आले. उस्मान अलींच्या पहिल्या वर्षांच्या, म्हणजे हिजरी 1329-1330 च्या रुपयांत ऐन पूर्ण आहे की अर्धा, यावरून जाती पडतात आणि संग्राहक त्या शोधत असतात. तुमच्या 14 पैकी प्रत्येकाच्या कमानीचा जवळून फोटो काढा. मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर दहा रुपयांचं भिंग धरलं तरी चालतं. हे 14 तुमच्या डब्यातला खरा लिलावाचा माल आहे, कारण हैदराबाद संस्थानची नाणी जमवणारे हैदराबादला, संभाजीनगरला, बिदर-गुलबर्ग्याकडे आणि मुंबईतही आहेत. म्हणजे दोन माणसं नक्की मिळतात.

शिवरायांबद्दल तुम्ही मनापासून लिहिलं आहे, 'शिवाजी महाराजांची नाणी आहेत, विकावीत का?' त्यावर मीही मनापासून सांगतो. एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' असलेली ही तांब्याची शिवराई 1674 च्या राज्याभिषेकापासून सुरू झाली, हे बरोबर. पण ती त्यानंतर पेशवाईतही, वेगवेगळ्या टाकसाळींत, प्रचंड प्रमाणात पाडली गेली. आपल्याला मिळणाऱ्या बहुतेक शिवराया, विशेषतः ओबडधोबड अक्षरांच्या, नंतरच्या आहेत. त्यांचा मान कमी होत नाही, पण वर्णनात 'शिवकालीन' असं लिहू नका. ज्यांवर अक्षरं सुबक आहेत, पूर्ण बसली आहेत, ठिपक्यांची कड दिसते, अशा दोन-तीन बाजूला काढून एकेकटी विका. उरलेल्या एका लॉटमधे, म्हणजे एकत्र गठ्ठ्याने. आणि एखादी शिवराई घरच्या देव्हाऱ्यात ठेवलीत तर मी म्हणेन छान केलंत. शिवाजी महाराजांचा सोन्याचा होन कोणी दाखवला तर मात्र लांबच राहा. अस्सल होन हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत आणि नकला बाजारभर.

'रामदरबार 1818' मधे ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि मागे राम-सीता-लक्ष्मण-हनुमान असतील. कंपनीने असं नाणं कधीच काढलं नाही. हे देवस्थानी मिळणारं टोकन आहे, आणि 1616, 1717 अशी इतरही साल टाकलेली त्याची भावंडं आहेत. त्याला लाखो रुपये मिळतात, अशा चित्रफिती फिरतात. त्या नाण्याला चुंबक लावलं, पाण्यात तांदूळ ओढले, अशा करामती दाखवतात. देव्हाऱ्यात ठेवा, विकू नका. विकलंच तर 'जुनं टोकन' एवढंच म्हणून.

तशाच चित्रफिती वैष्णोदेवीच्या 5 आणि 10 रुपयांच्या नाण्यांबद्दल, 786 च्या नोटेबद्दल आहेत. पुढची पायरी अशी की कोणी फोन करून म्हणतो, तुमचं नाणं रिझर्व्ह बँकेने मान्य केलंय, आधी नोंदणी फी, मग जीएसटी, मग कमिशन भरा. 4 ऑगस्ट 2021 ला खुद्द रिझर्व्ह बँकेने पत्रक काढून सांगितलं की अशा व्यवहारांत बँकेचा काहीही संबंध नाही आणि तिने कोणालाही असे पैसे घ्यायला नेमलेलं नाही. विकणाऱ्याने आधी पैसे भरायचे, हे नाण्यांच्या खऱ्या धंद्यात होत नाही. आमच्याच गल्लीतल्या एका आजोबांनी तीन हप्त्यांत पैसे भरले. त्यांना लाज वाटली म्हणून त्यांनी तक्रारही केली नाही. तुमच्या मागे असा फोन आला तर सायबर हेल्पलाइन 1930 ला कळवा.

आता ती 'तेर' ची पुडी. इथे मी तुम्हाला सावध करतो. तेर म्हणजे प्राचीन तगर, रोमपर्यंत व्यापार करणारं शहर. तिथे, पैठणला, भोकरदनला सातवाहनांची शिशाची, तांब्याची, मिश्रधातूची नाणी शेतात वर येतात. सासऱ्यांनी ती कोणाकडून तरी घेतली असतील किंवा कोणी दिली असतील. जमिनीत सापडलेला ऐवज दहा रुपयांहून जास्त किमतीचा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचा, असं 1878 चा निखात निधी कायदा सांगतो. शिवाय शंभर वर्षांपलीकडची वस्तू पुरावस्तू ठरते, तिच्यावर 1972 चा कायदा आहे. म्हणून पुडीतली नाणी, ती कुठून आली हे माहीत नसताना, लिलावात टाकू नका. तेरला रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. पुडी आहे तशी, तिच्यावरच्या सासऱ्यांच्या अक्षरासकट, तिथे नेऊन दाखवा. पैठणलाही बाळासाहेब पाटील शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. ती तिथेच ठेवावीशी वाटली, तर सासऱ्यांचं नाव लिहून द्या असं त्यांना सांगा. मला विचाराल तर मी तेच करीन.

1972 च्या त्याच कायद्याचा दुसरा भाग तुमच्या उपयोगाचा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर पाठवायला खासगी माणसाला बंदी आहे. परदेशी संकेतस्थळावर मोठ्या आकड्यांचे लिलाव दिसतात, तिथे तुमचे राणीछाप रुपये टाकायचा मोह झाला तरी टाकू नका. भारतात घरातली नाणी विकायला अडचण नाही. धंदा म्हणून पुरावस्तू विकायच्या तर परवाना लागतो, तो तुम्हाला नको.

मग लिलाव कुठे करायचा? पूर्वी ई-बेचं भारतातलं संकेतस्थळ होतं. ते 2018 मधे बंद झालं आणि छोट्या विक्रेत्यांची फार गैरसोय झाली. आता तीन वाटा राहिल्या. पहिली वाट लिलावगृहांची. मुंबईचं टोडीवाला, अहमदाबादची क्लासिकल न्यूमिस्मॅटिक गॅलरी, बंगळुरूचं मरुधर आर्ट्स, अशी नावं आहेत. ते नाणी तपासतात, छापील सूची काढतात, बोली प्रत्यक्ष आणि ऑनलाइन दोन्हीकडून येतात. त्यांच्याकडे खरे खरेदीदार असतात, पण ते सगळं घेत नाहीत. तुमचा 1939 खरा ठरला तर तो, आणि हाली रुपयांतला एखादा निवडक, एवढंच तिथे चालेल. पाठवण्याआधी फोनवर स्पष्ट विचारून लेखी घ्या : विक्रेत्याकडून कमिशन किती, खरेदीदाराकडून वरून किती घेता, न विकल्यास शुल्क काय, पैसे किती दिवसांत, वाटेत नाणं हरवल्यास जबाबदारी कोणाची. शेवटच्या प्रश्नाला बरेच जण अडखळतात. ज्यांनी लगेच लिहून दिलं त्यांच्याकडे द्या.

दुसरी वाट व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुकवरच्या नाण्यांच्या गटांची, आणि तुमच्या बहुतेक मालाला हीच योग्य. गटाचा संचालक फोटो टाकतो, आधारभूत किंमत, म्हणजे बोली जिथून सुरू होते तो आकडा, सांगतो, वेळ ठरवतो, आणि बोली आकड्यात येत जाते. चांगल्या गटांत शेवटच्या बोलीनंतर काही मिनिटं वेळ वाढते, म्हणजे अखेरच्या सेकंदाला कोणी उडी मारून घेऊन जात नाही. गटात शिरून आधी महिनाभर काहीही न टाकता नुसतं बघा. कोण नियमित घेतं, कोण पैसे देतं, तुमच्यासारखा रुपया कितीला गेला, हे तिथेच कळतं. ऐकीव किमतींपेक्षा त्या महिन्याच्या निरीक्षणावर माझा जास्त विश्वास आहे. तिसरी वाट ठरलेल्या किमतीची, गावातल्या आणि शेजारच्या मंडळींना. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला राणीछाप रुपया लागतो. साधे, घासलेले राणीछाप मी नेहमी नवरात्र ते दिवाळीच्या मधे काढतो. तेव्हा त्यांचा भाव थोडा चढा असतो.

आधारभूत किंमत ठरवताना लोक चुकतात. 'कमीत कमी इतके तरी आलेच पाहिजेत' म्हणून ती फार वर ठेवतात. मग एकही बोली येत नाही आणि नाणं 'न विकलेलं' म्हणून ओळखीचं होतं, पुढच्या वेळी कोणी हात लावत नाही. चांदीच्या हाली रुपयाला आधारभूत किंमत चांदीच्या किमतीच्या जरा वर ठेवली तरी दोन जण असतील तर ती चढते. माणसं चढत्या बोलीत उतरतात, थांबलेल्यात नाही. पण सासऱ्यांची वस्तू त्याहून कमी गेली तर चालणार नाही असं वाटत असेल, तर ती लिलावात घालूच नका. हा विचार विकण्याआधी करावा. आणि भावकीतल्या कोणाला सांगून खोटी बोली लावू नका. नाण्यांच्या गटांत ती एका आठवड्यात कळते आणि मग चांगला मालही कोणी घेत नाही.

फोटोचं तंत्र सोपं आहे. सकाळी आठ-नऊच्या सुमारास उत्तरेकडच्या खिडकीजवळ टेबल, त्यावर करड्या रंगाचा साधा कागद. फ्लॅश नको. मोबाइल नाण्याच्या बरोबर वर धरा, प्रकाश एका बाजूने किंचित तिरका येऊ द्या, म्हणजे झीज आणि उठाव दोन्ही दिसतात. दोन्ही बाजू, आणि मौल्यवान नाण्याची कड स्वतंत्र. काट्यावर ठेवलेल्या नाण्याचाही एक फोटो, आकडा स्पष्ट दिसेल असा. हे मी जे शिकलो ते एका वाईट अनुभवातून. एका खरेदीदाराने माझा रुपया घेतला, 'पसंत नाही' म्हणून परत पाठवला, आणि परत आलेला रुपया माझा नव्हता, त्याच सालाचा पण झिजलेला होता. माझ्याकडे जुना फोटो होता, पण अंधुक. त्यानंतर प्रत्येक विकलेल्या नाण्यावरचा एखादा खास ओरखडा किंवा खाच मी फोटोत दाखवून, वर्णनात लिहून ठेवतो. 'कमानीच्या उजव्या बाजूला छोटी खाच' असं लिहिलेलं असलं की बदललेलं नाणं परत करता येत नाही.

वर्णनात दोष आधी लिहा. घासलेलं असेल तर घासलेलं, कडेला ठोका असेल तर ठोका, धुतलेलं असेल तर धुतलेलं. 'दुर्मिळ', 'अतिदुर्मिळ' हे शब्द वापरू नका. जे दुर्मिळ आहे ते घेणारा स्वतः ओळखतो. एका खरेदीदाराला नाणं पोचल्यावर वर्णनापेक्षा बरं वाटलं तर तो पुढच्या लिलावाला तुमच्याच लॉटवर आधी बघतो. तुमच्याकडे 14 हाली आहेत, ते एकदम काढायचेही नाहीत. आठवड्याला दोन. एकाच दिवशी चौदा काढले तर तेच दोन-तीन ग्राहक वाटले जातील आणि प्रत्येक नाण्याला एकच बोलणारा उरेल.

आता ती 117 सुटी नाणी लवकर उरकतो. भोकाचा पैसा, कमळाचे पिवळे 20 पैसे, नवे पैसे, यांना मुलं आणि नव्यानं जमवणारे घेतात. वीस-वीसचे लॉट करून ठरलेल्या किमतीत द्या. एकेक विकायला गेलात तर टपालखर्च नाण्याच्या किमतीएवढा होईल. त्यात टाकसाळीचा मूळ डबा असलेला स्मरणार्थ संच सापडला तर मात्र तो उघडू नका, वेगळा काढा.

पैसे घेताना मनात एकच गोष्ट ठेवा. पैसे मिळवण्यासाठी क्यूआर स्कॅन करायचा नसतो आणि पिनही टाकायचा नसतो. कोणी 'हे स्कॅन करा, पैसे येतील' म्हणाला की संभाषण तिथेच थांबवा. स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवू नका. तुमच्या बँकेच्या ॲपमधे रक्कम जमा दिसली की मगच पाकीट बांधा. लष्करात असल्याचं सांगून घाई करणारे, लिलावापेक्षा जास्त पैसे देऊ करणारे, 'आधी पाठवा, माझा माणूस तुमच्या गावात आहे' म्हणणारे, सगळे एकाच जातीचे. मोठी रक्कम असेल तर रोखीने घेऊ नका. दोन लाख आणि त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्यानेच बंदी आहे. मिळालेल्या पैशावरच्या कराबद्दल तुमच्या सीएंना विचारा, वारसाने आलेल्या वस्तूचा हिशेब वेगळा पडतो.

पाठवताना नाणं कागदी होल्डरमधे, मग दोन जाड पुठ्ठ्यांमधे, चारी बाजूंनी चिकटपट्टी. हलवून बघा. खुळखुळ आवाज आला तर पुन्हा बांधा, कारण तो आवाज वाटेत दुसऱ्यांनाही ऐकू येतो. बांधण्याचा व्हिडिओ काढा, पाकिटावरचा पत्ता आणि नाणं एकाच चित्रात दिसेल असा. अनेक खासगी कुरिअरच्या नियमांत नाणी-दागिने बसत नाहीत, हरवल्यावर ते हात वर करतात. पोस्टात जा, खिडकीवर आत काय आहे ते खरं सांगा, आणि किंमत जास्त असेल तर विमा उतरवूनच पाठवा. बाहेर 'चांदी' किंवा 'नाणी' लिहू नका, पण पावतीवर नोंद खरीच असू द्या.

तुम्ही शेवटी विचारलंय, सराफाला नाही म्हणू का? त्याला निकेलचे सोडून घासलेले, कडीचे, ओळख पटत नाहीत असे रुपये द्या, पण चांदीच्या तुमच्या वहीतल्या आकड्याशी ताडून. बाकीचे घरी घेऊन या. त्या आधी एवढं करा : 1939 च्या रुपयाचं वजन, त्याच्या शेवटच्या आकड्याचा जवळून काढलेला एक स्वच्छ फोटो आणि चौदाही हाली रुपयांच्या कमानीचे फोटो इथेच उत्तरात टाका. त्यातला कुठला कुठल्या वाटेने जावा, ते मी एकेका रुपयावर सांगतो.